बदली पावडरच्या नोंदी : वरणगाव ते मोंटाना

११ मे २०२५, रविवार

आज भाच्याचा फोन झाला. त्याच्याकडे सकाळ होती, आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि भिंत अजून हाताला गरम लागत होती. अमेरिकेतल्या मोंटानात सातवं वर्ष आहे त्याचं. तिथे परवाना काढून एल्क या मोठ्या हरणाची शिकार करता येते आणि काडतुसं घरी भरायलाही कायद्याची आडकाठी नाही. त्याची रायफल ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमची, गोळी १६० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप). इतकी वर्षं तो रीलोडर २२ ही पावडर भरत आला. आता ती संपत आली आहे आणि तिकडच्या फळीवर दिसतही नाही.

म्हणाला, "मामा, तिच्या बदल्यात कुठली टाकू? तुम्ही आयुष्यभर दाबच मोजलात."

मोजला खरा, पण "बदल्यात" हा शब्द मला टोचला. साखरेच्या बदल्यात गूळ टाकतात तसं हे नसतं, एवढं त्याला सांगितलं. पूर्ण उत्तर आज दिलं नाही. पाच महिने हातात आहेत, हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी उघडतो. तोवर दर रविवारी थोडं थोडं काम करायचं आणि इथे लिहून ठेवायचं असं ठरलं. त्याचे दोन मराठी मित्रही याच नादातले आहेत, म्हणून मराठीत लिहितो.

इथल्या वाचणाऱ्यांसाठी आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नंतर शिकारही बंद आहे. माझ्या टेबलावर पावडरीचा एक कणही नाही. पुस्तकं आहेत, वही आहे, आणि फोनवर त्याच्या गॅरेजातलं टेबल दिसतं. काडतुसांचा दाब मोजण्याच्या माझ्या नोकरीतली कुठलीही आतली गोष्ट या नोंदींत येणार नाही. छापील पुस्तकांत आहे तेवढंच लिहीन.

भरणीचे, म्हणजे किती पावडर घालायची त्याचे, ग्रेनमधले आकडेही मुद्दाम लिहिणार नाही. ते एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवून घ्यायचे नसतातच.

१४ मे

घरात कुरडया चालू आहेत. गच्चीवर साड्या अंथरल्यात, हिचा हात सोऱ्यावर. मी खुर्ची टाकून बघत बसलो आणि भाच्याला फोन लावून सोऱ्या दाखवला. बिनधुराची काडीसारखी पावडर अशीच बनते. नायट्रोसेल्युलोजचा मळलेला गोळा जाळीतून दाबायचा, बारीक तार बाहेर येते, ती तुकड्या-तुकड्यांनी कापायची. फरक एवढाच की या तारेला मधोमध आरपार छिद्र असतं.

त्या छिद्रात सगळी करामत आहे. कण पेटला की बाहेरून आत जळत जातो, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग आकसतो. त्याच वेळी छिद्र आतून जळत मोठं होतं, तिथला पृष्ठभाग वाढतो. दोन्ही मिळून जळणारी जागा जवळपास तेवढीच राहते, आणि वायू एकसारखा सुटत राहतो. गोल कणाच्या बॉल पावडरीत छिद्र नसतं. कण जळेल तसा लहान होत जातो, सुरुवातीलाच जोर फार. म्हणून तिच्या अंगावर जळण दाबून धरणारा लेप चढवतात. आणि बहुतेक पावडरींवर शेवटी ग्रॅफाइट असतं, म्हणून बहुतेक करड्या-काळ्या, चकचकीत दिसतात. नुसत्या डोळ्यांनी एक पावडर दुसरीपासून ओळखू येत नाही. तीस वर्षं हाताळलेल्या माणसालासुद्धा नाही.

त्याला एक काम सांगितलं. गॅरेजात चिठ्ठी निघालेला, नाव नसलेला एखादा डबा असेल तर तो भरणीसाठी नाही असं आजच ठरवून टाक. एक निघाला. अर्धा भरलेला होता. "बहुतेक जुनीच आहे" म्हणाला. बहुतेकवर काडतूस भरत नाहीत, असं मी जरा चढ्या आवाजात बोललो.

१८ मे, रविवार

त्याने वेगाचा तक्ता पाठवला. शंभराहून जास्त पावडरी, सर्वात झटपट जळणारी वर, सर्वात मंद खाली. रीलोडर २२ च्या वरच्या-खालच्या नावांवर गोल केलेले. "यातली कुठलीही चालेल ना?"

दहावीच्या निकालात पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात एका मार्काचा फरक असू शकतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात चाळीसचाही. नुसत्या नंबरांवरून ते कळत नाही. हा तक्ता तसाच आहे. कोण कोणाच्या पुढे एवढंच सांगतो, किती पुढे ते सांगत नाही. शिवाय ही मोजणी बंद भांड्यात पावडर जाळून केलेली असते. काडतुसात पुंगळीचं, म्हणजे पितळी कवचाचं, पोट वेगळं, नळीची रुंदी वेगळी, गोळीचं वजन वेगळं, आणि त्याप्रमाणे शेजारशेजारच्या दोन पावडरी जागा बदलतातही. दोन कंपन्यांचे तक्ते समोरासमोर ठेवले तर क्रम जुळत नाही, हे त्याने स्वतःच आज पाहिलं.

मुळाशी एक गोष्ट आहे, ती पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सांगितली. पावडर किती वेगाने जळते ते तिच्यावरच्या दाबावर ठरतं. दाब वाढला की जळण वाढतं, जळण वाढलं की दाब आणखी वाढतो. दोघं एकमेकांना ढकलतात. म्हणून भरणीच्या वरच्या टोकाला अर्धा ग्रेन जास्त पडला तर दाब त्या प्रमाणात वाढत नाही, उसळी घेतो.

मॅग्नममध्ये हे जास्त जपावं लागतं. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमच्या पुंगळीत पाणी भरून तोललं तर ८० ग्रेनच्या वर बसतं, आणि एवढं सगळं ७ मिलिमीटरच्या नळीतून बाहेर काढायचं असतं. मोठा हंडा आणि अरुंद तोंड. झटपट पावडर इथे टाकली तर गोळी हलायच्या आत दाब शिगेला पोचेल. म्हणून मंद पावडर, जी गोळी नळीत पुढे सरकत असताना मागून ढकलत राहते. या काडतुसाला सामी या अमेरिकन उत्पादक संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा चौरस इंचाला ६१,००० पौंड आहे. गाडीच्या टायरच्या सुमारे १,९०० पट. .३०० विंचेस्टर मॅग्नमला ६४,००० आहे. पट्टा दोघांच्या बुडाला सारखाच, दिसायला भावंडं, तरी आकडा वेगळा. एकाची भरणी दुसऱ्याच्या आधाराने अंदाजायची नाही.

२५ मे

जुन्या पुस्तकांतला एक खड्डा आधीच दाखवून ठेवला. काही जुन्या तक्त्यांत दाब सीयूपी या मापात आहे, म्हणजे तांब्याचा छोटा दंडगोल किती दबला त्यावरून काढलेला. नवीन तक्ते पीझो संवेदकाचे, म्हणजे दाबाचा विजेचा इशारा करणाऱ्या स्फटिकाचे, चौरस इंचाला पौंडांत. दोन्ही आकडे दिसायला सारखे, पण एकातून दुसरं काढायचं कुठलंही खात्रीचं सूत्र नाही. तांब्याला चेपायला वेळ लागतो, क्षणात चढून उतरणारा दाब तो पूर्ण पकडत नाही. तांब्याच्या त्या दंडगोलांना मायक्रोमीटर लावण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. त्यांच्यावर राग नाही, पण त्यांची मर्यादा मला माहीत आहे.

८ जून, रविवार

ही नोंद लांबणार.

काल पहिला जोरदार पाऊस झाला, वीज गेली, रात्री उशिरा फोन लागला. भाचा खुशीत होता. त्याच्या कामावरच्या एका वयस्क मित्राने वहीतलं पान फाडून दिलं होतं. त्याच रायफलीसाठी, त्याच वजनाच्या गोळीसाठी तीस वर्षांपूर्वी बसवलेली भरणी. पान कॅमेऱ्यासमोर धरलं. निळ्या शाईत पावडरीचं नाव म्हणून चारच आकडे होते : ४८३१. पुढे ग्रेन, पुढे वेग, कडेला बरोबरची खूण. दुकानातून तो ४८३१ चा डबाही घेऊन आला होता. पुंगळ्या तयार होत्या, पावडर पेटवणाऱ्या टोप्या (प्रायमर) बसवलेल्या, तराजू चालू.

"डबा दाखव," म्हटलं. डब्यावर आयएमआर ४८३१.

"पानावर कुठली?"

"४८३१च की."

बोललो, "हात खाली ठेव." आवाज असा निघाला की ही आतून उठून आली.

४८३१ नावाच्या दोन पावडरी आहेत. दुसऱ्या महायुद्धात ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीने २० मिमी तोफेच्या गोळ्यांसाठी एक मंद पावडर बनवली. युद्ध संपल्यावर तिचे ढीग उरले. कॅन्ससमधला ब्रूस हॉजडन, गॅस कंपनीत विक्रीचं काम करणारा माणूस, त्याने हा सरकारी उरलेला माल विकत घेऊन घरी भरणाऱ्यांना स्वस्तात विकला. तीच एच ४८३१. एच म्हणजे हॉजडन. मोठ्या पोटाच्या मॅग्नम पुंगळ्यांना इतकी मंद पावडर तोवर सहज मिळत नव्हती, आणि हिच्यामुळे त्या काडतुसांचं नशीब उघडलं. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम १९६२ चं, तेव्हा लोकांच्या हातात हीच होती. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यूपाँटने नव्याने बनवलेली पावडर बाजारात आणली, आयएमआर ४८३१. आकडा तोच ठेवला, पण ही पावडर हॉजडनच्या पावडरीपेक्षा झटपट जळते. म्हणजे एच ४८३१ साठी लिहिलेली वरच्या टोकाची भरणी आयएमआर ४८३१ ने भरली तर दाब मर्यादेच्या पलीकडे जाणार.

त्या पानावर एक अक्षर राहिलं होतं. लिहिणाऱ्याला ते लिहायची गरज वाटली नसेल, कारण त्याच्या घरात तेव्हा एकच ४८३१ असेल.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग एक पुंगळी उचलून तिच्या तोंडात बोट घालून बघितलं, रिकामी होती. म्हणाला, "मामा, पाच मिनिटं उशिरा फोन लागला असता तर दहा भरून झाल्या असत्या."

मला रात्री झोप आली नाही. सकाळी देवपूजा झाल्यावर वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलं : पावडरीचं नाव म्हणजे कंपनी, अक्षरं, आकडा, सगळं मिळून. एकही तुकडा गाळायचा नाही.

१० जून

परवाच्या गोष्टीची उलट बाजूही त्याला दाखवली पाहिजे, नाहीतर भीतीच बसेल. एक आकडा आणि दोन पावडरी असतात, तशी दोन नावं आणि एक पावडरही असते. आजची एच ४८३१ ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला इथे बनते. तिकडे तीच एडीआय या तिथल्या कंपनीच्या डब्यात एआर २२१३ म्हणून विकतात. एच ४३५० म्हणजे तिकडची एआर २२०९, एच १००० म्हणजे एआर २२१७. बॉल पावडरीत हॉजडनची एच ४१४ आणि विंचेस्टर ७६० एकाच भट्टीतून येतात. हे अंदाज नाहीत, ज्ञात आहे. तरी डबा बदलला म्हणजे लॉट (एका वेळी बनलेली खेप) बदलला, आणि लॉट बदलला की भरणी थोडी खालून पुन्हा चढवायची.

दुकानातल्या तयार काडतुसाची गोळी उपसून आतली पावडर कुठली ते शोधायचा त्याचा विचार होता. तो सोडायला लावला. कारखाने घाऊक पावडर घेतात, तिचा प्रत्येक लॉट वेगळा, आणि ते दर वेळी दाब मोजून भरणी ठरवतात. डब्यातली किरकोळ पावडर मात्र मिसळून-मिसळून एका ठरावीक वेगावर आणलेली असते.

२२ जून, रविवार

कामानिमित्त जळगावला गेलो होतो, येताना सराफ बाजारात ओळखीच्या पेढीवर बसलो. भाच्याला ग्रेन हे माप हाताला बसत नव्हतं. एका ग्रॅममध्ये साडेपंधराच्या आसपास ग्रेन, एका पौंडात ७,००० ग्रेन, हे आकडे तो पाठ म्हणतो, पण केवढं ते कळत नाही. म्हणून गुंजा.

सराफाने जुन्या डबीतून काढून दिल्या. लाल, एका टोकाला काळा ठिपका, इतक्या गुळगुळीत की चिमटीत धरता येत नाहीत. एकेक मिलिग्रॅमच्या काट्यावर ठेवली. पहिली ०.११८ ग्रॅम, दुसरी ०.१०९, तिसरी ०.१२६. रूढ हिशेबाने एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन ग्रेन. गुंजेचा अर्धा भाग म्हणजे तुझा एक ग्रेन, आणि कमाल भरणीपाशी तेवढ्याने दाबाची उसळी येते, असं त्याला फोटोसकट कळवलं. तीन गुंजांत एवढा फरक निघतो म्हणूनच सराफाने गुंजा सोडून काटा घेतला, हेही.

तो पावडर मापाने ओतत होता, दर वेळी तोलत नव्हता. ही सवय काळ्या दारूच्या काळातली. जेम्स आउट्रम हा इंग्रज अधिकारी १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल कोअर उभारायला आला तेव्हा शिकारीला तोंडातून भरायच्या बंदुकाच होत्या, आणि त्या दारूला माप पुरत असे. बिनधुराच्या पावडरीत तसं नाही. प्रत्येकीची घनता वेगळी. एकीसाठी लावलेलं माप दुसरीला लावलं तर वजन चुकतं. आता प्रत्येक भरणी तोलायची, आणि तराजू आधी प्रमाणित वजनाने तपासायचा. त्याने तपासला, तर ०.३ ग्रेनने चुकत होता.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपास. मुक्ताईची पालखी पंढरपुरात पोचल्याचं टीव्हीवर पाहिलं.

दुपारी त्याचा प्रश्न आला : सुरुवातीच्या भरणीपेक्षाही कमी भरली तर अधिक सुरक्षित ना? नाही. मंद पावडर मोठ्या पुंगळीत फार कमी भरली की ती आडवी पसरते, वर पोकळी राहते, पेट नीट घेत नाही, आणि कधीतरी दाब अचानक प्रचंड चढतो. प्रयोगशाळेत हे हुकमी घडवून दाखवता येत नाही, पण असं झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पुस्तकातली सुरुवातीची भरणी ही खालची भिंत आहे आणि कमाल भरणी वरची. हलक्या भरणीसाठी एच ४८९५ ची वेगळी, छापील रीत आहे, ती तेवढ्याच पावडरीपुरती. ती रीत आपल्या मंद पावडरींना लावायची नाही.

३ ऑगस्ट

कानबाई. घर पाहुण्यांनी भरलेलं, रोट, आरत्या. काम नाही. भाच्याने फोनवरून कानबाईचं दर्शन घेतलं.

१० ऑगस्ट, रविवार

आज निवड झाली. त्याच्याकडे तीन कंपन्यांची अलीकडची पुस्तकं आहेत, दोन गोळीवाल्यांची आणि एक पावडरवाल्यांचं. नियम असा केला की त्याच्या काडतुसाला, त्याच्या वजनाच्या आणि त्याच बांधणीच्या गोळीला छापील भरणी नसेल ती पावडर यादीतूनच बाद. बांधणी यासाठी की अखंड तांब्याची गोळी त्याच वजनात लांब होते, पुंगळीत खोल बसते, नळीत घासतेही वेगळी. त्याची गोळी शिशाच्या गाभ्याची आहे, तिचेच आकडे घ्यायचे.

दुकानात त्या आठवड्यात चार पावडरी होत्या. आयएमआर ४८३१ घरातच होती. तिची भरणी पुस्तकात आहे, चालली असती. पण त्या पानानंतर दोघांचंही मन होईना, आणि मन होत नसताना भरायला बसू नये असं मी मानतो. रेटुम्बो आणखी मंद, तिचा खरा जोर जड गोळ्यांना मिळतो. एक बॉल पावडर होती, तिला पेटवायला गरम टोपी लागते आणि थंडीत ती कशी वागेल याची त्याला धास्ती. राहिली एच ४८३१ एससी. एससी म्हणजे आखूड कापलेली. पावडर तीच, काड्या लहान, त्यामुळे मापातून सरळ पडते, अडकत नाही. तिन्ही पुस्तकांत तिची भरणी आहे, आणि त्या भरणीने पुंगळी जवळपास गळ्यापर्यंत भरते, पोकळी राहत नाही.

थंडीचा मुद्दा मी सर्वात जड धरला. रीलोडर २२ मध्ये नायट्रोसेल्युलोजबरोबर नायट्रोग्लिसरीनही आहे, दुहेरी जात. त्याच्याच जुन्या वहीत जुलैतल्या आणि नोव्हेंबरातल्या वेगांत सेकंदाला ८० फुटांचा फरक होता आणि त्याने तो कधी बघितलाच नव्हता. एच ४८३१ एकेरी जातीची आणि तापमानाने कमी हलणाऱ्या मालिकेतली. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश, त्याच्याकडे शिकारीच्या पहाटे शून्याच्या खाली. या गोष्टीला जुनी किंमत मोजलेली आहे. कॉर्डाइट ही जुनी ब्रिटिश बिनधुराची पावडर भारताच्या आणि आफ्रिकेच्या उन्हात दाब वाढवायची, म्हणून .४१६ रिग्बीसारख्या १९११ च्या काडतुसाला एवढं मोठं पोट दिलं की दाब मुळातच खाली राहावा.

एकाच लॉटचे दोन पौंड घ्यायला सांगितलं. पौंडात साधारण शंभर काडतुसं होतात, म्हणजे चाचण्या आणि दोन हंगाम एकाच लॉटवर निघतील. डब्यावर लॉट क्रमांक आणि उघडल्याची तारीख त्याने लगेच लिहिली. आयएमआरचा डबा त्याने मुळच्या झाकणासकट वेगळ्या कपाटात, कुलपात ठेवला. टेबलावर एका वेळी एकच डबा.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. आज पुंगळ्यांचं काम. सगळ्या एकाच कंपनीच्या घेतल्या, कारण जाड भिंतीच्या पुंगळीत आत जागा कमी, दाब जास्त. टोपीही पुस्तकात जी छापली आहे तीच. टोपी बदलली तरी भरणी बदलली असंच धरायचं. बाकी कापणं-मोजणं तो नीट करतो, त्यावर लिहिण्यासारखं नाही.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

त्याचे सकाळचे नऊ, आमचे रात्रीचे साडेआठ. बाहेर विसर्जनाचे ढोल, मी मागच्या खोलीत कानात यंत्र घालून. पहिली पाच काडतुसं, पुस्तकातल्या सुरुवातीच्या भरणीची.

पहिल्या गोळीनंतर त्याला बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, हळू उचलायला लावला आणि पुंगळी कॅमेऱ्याजवळ धरायला. टोपीच्या कडा गोल, बुडावर चकाकणारा डाग नाही, बोल्ट बोटाने उचलला गेला. वेग अपेक्षेएवढा. पुढच्या टप्प्यांतही तेच. पण त्याला सांगून ठेवलं की ही लक्षणं म्हणजे दाबाचं मीटर नाही. टोपी चपटी झाली, बोल्ट घट्ट झाला, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खुंटीचा) ठसा उमटला, तेव्हा बहुतेक वेळा मर्यादा आधीच ओलांडलेली असते. लक्षण दिसलं तर थांबायचं, हे खरं. दिसलं नाही म्हणून दाब कमी, हे खरं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज वाद झाला. भरणी पुस्तकातल्या कमालपेक्षा दीड ग्रेन खाली होती, आणि वेगमापकावर वेग पुस्तकातल्या कमाल वेगापेक्षा फक्त २० फूट कमी. पुस्तकाची नळी २४ इंचांची, त्याचीही २४. पाचही गोळ्या शंभर यार्डांवर चहाच्या बशीच्या आत, चांगल्या जवळ जवळ. बोल्ट हलका. तो म्हणाला, "अजून दीड ग्रेन शिल्लक आहे मामा, जाऊ ना वर?"

शिल्लक नाही. त्याच नळीतून तोच वेग आला, तर त्याला लागणारा दाबही आलाच. त्याचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, घट्ट असेल, पुंगळी जाड असेल, लॉट किंचित चपळ असेल, कारण कुठलंही असो. पुस्तकाचा ग्रेनचा आकडा त्यांच्या बंदुकीचा होता. वेग फुकट मिळत नाही. चाचणी नळीत मोजलेल्या दाबाचे आलेख मी इतके बघितले आहेत की वेगाचा आकडा ऐकला की मला ती चढती रेष दिसते. त्याला ती दिसत नाही, त्याला लांबच्या डोंगरावरचा एल्क दिसतो.

तो नाराज झाला, फोन लवकर ठेवला. मी ही भरणी वहीत लाल रेघेखाली लिहिली : इथे थांबलो.

१४ सप्टेंबर

सकाळीच निरोप आला. "अर्धा ग्रेन खाली उतरून पाच मारल्या. गट आणखी जवळ. तीच पक्की करतो."

२ ऑक्टोबर, दसरा

भाच्याने महिन्यापूर्वी विचारलं होतं की मुळात तुटवडा का. आज उत्तर हातात धरून दाखवलं. ओळखीच्या जिनिंगवर पूजेला गेलो होतो, नवीन कापसाच्या गाड्या लागायला सुरुवात झाली आहे. जिनमधून रुई निघून गेल्यावर सरकीवर आखूड लव शिल्लक राहते, ती तेल काढण्याआधी दुसऱ्या यंत्रात खरवडतात. लिंटर. मूठभर घेतलं. रुईसारखं लांब ओढलं जात नाही, बोटात चुरगळतं, रंग मळकट पिवळा, सरकीच्या टरफलाचे काळे कण मध्ये मध्ये. स्वच्छ केलं की जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात हेच बुडवून नायट्रोसेल्युलोज होतं. शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये कापूस असा स्फोटक केला, पण ते जळण आवरत नव्हतं. १८८४ मध्ये व्हिएलने त्याची खीर करून, लाटून, कापून शांत केलं, तेव्हा रायफलीत भरता आलं.

युक्रेनच्या युद्धापासून तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि नायट्रोसेल्युलोज तिकडे वळलं. तोफेची पिशवी भरून उरेल ते भाच्याच्या डब्यात येणार. युरोपला लिंटर बहुतांश चीनकडून घ्यावं लागतं. आमच्या खानदेशात सरकीला तेल आणि ढेप म्हणून बघतात, ही लव मात्र शेतकऱ्याच्या हिशेबात कुठे येत नाही. क्विंटलच्या भावावरून गाडीजवळ घासाघीस चालू होती तेव्हा माझ्या मुठीत ती होती. हे मला फार लागलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

थंडीची चाचणी. पहाटे रेंजवर शून्याच्या जरा वर तापमान. काडतुसं रात्रभर गाडीतच ठेवलेली. सप्टेंबरच्या उन्हातल्या वेगाशी फरक १२ फूट. जुन्या पावडरीचा ८० आठवून तो हसला. पक्की भरणी ४० काडतुसांत भरून झाली. प्रत्येक डबीवर चिठ्ठी : काडतूस, गोळी, पुंगळी, टोपी, हॉजडन एच ४८३१ एससी, लॉट, तारीख, आणि "फक्त याच रायफलीसाठी".

त्या वयस्क मित्रालाही तो भेटला. पान समोर ठेवून विचारलं, ही एच की आयएमआर? म्हातारा बराच वेळ पानाकडे बघत राहिला. त्याला आठवेना. घरी जाऊन बायकोला विचारलं, तळघर शोधलं, जुना डबा सापडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पूर्ण वहीच भाच्याला आणून दिली. आज दोघांनी मिळून ती पानोपान बघितली. नुसता ४८३१ असं लिहिलेली अकरा पानं निघाली. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने सगळ्यांवर आडवी काट मारली आणि शेवटच्या पानाखाली सही केली.

भाचा २५ तारखेला डोंगरावर जातोय.